चालत्या गाडीतले मोजे

प्रवासात वेळ कसा घालवावा, हा प्रश्न आमच्या लहानपणी वसईत कोणाला पडत नसे. पहाटेच्या गाडीने मुंबईला दूध पोचवून परतणारे दूधवाले रिकाम्या कॅनवर बसल्या बसल्या डुलकी काढीत. भाजीच्या टोपल्या सावरीत बसलेल्या बाया केळीच्या भावापासून सुनेच्या स्वभावापर्यंत सारे विषय बोरिवलीच्या आत संपवीत. कोणी जपमाळ काढी, कोणी पत्ते. आता साऱ्या डब्यात माना खाली घातलेली माणसे दिसतात. आम्हीही मान खाली घालूनच बसतो. परंतु आमच्या हातांत भ्रमणध्वनीऐवजी पाच सुया आणि लोकरीचा गुंडा असतो. पायघोळ झग्यातला किंवा गळपट्टीतला पन्नाशी ओलांडलेला धर्मगुरू मोजे विणीत बसला आहे, हे दृश्य पाहून समोरचा माणूस प्रथम चपापतो, मग हसतो आणि मीरा रोड येईपर्यंत कोणासाठी विणता, असे विचारतो.

मोजेच का, याचे उत्तर सोपे आहे. स्वेटर प्रवासात विणता येत नाही. तो वाढत जातो, मांडीवर पसरतो, शेजाऱ्याच्या अंगावर जातो. मोठ्या माणसाच्या मोज्यांच्या जोडीला मात्र शंभर ग्रॅम लोकर पुरते. सारा पसारा झग्याच्या खिशात मावतो. शिवाय मोज्याचा बराचसा भाग म्हणजे नुसती गोल गोल नळी. एकदा साठ टाके चार सुयांवर पंधरा-पंधरा करून घातले, वरची पट्टी दोन सुलट दोन उलट अशी काढली, की पुढे कितीतरी वेळ पाचवी सुई आपोआप फिरत राहते. डोळे खिडकीबाहेर, कान शेजाऱ्याच्या बोलण्याकडे, आणि हात आपल्या कामाला. वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत आमच्या तीन फेऱ्या होतात. गाडी पाणजू बेटापाशी सिग्नलला थांबली तर चार.

सारे कौशल्य टाचेत आहे. साठांपैकी तीस टाके दोन सुयांवर गप्प बसवून ठेवायचे आणि उरलेल्या तिसांवर पुढे-मागे, पुढे-मागे विणून एक चौकोनी पट्टी काढायची. मग त्या पट्टीच्या मध्यावर थोडेसेच टाके विणून उलट फिरायचे, आणखी एक टाका सामावून घेऊन पुन्हा फिरायचे. असे करता करता सपाट पट्टी आपल्या डोळ्यांदेखत वाकू लागते आणि वाटीसारखी खोलगट होते. कापड कापलेले नाही, शिवलेले नाही, तरी त्याला कोपरा येतो. नंतर पट्टीच्या दोन्ही कडांवरून नवे टाके उचलून घ्यायचे, ते हळूहळू घटवीत पुन्हा साठांवर यायचे, आणि नळी पंजाकडे चालू लागते. टाच वळविताना मात्र शेजाऱ्याशी बोलता येत नाही. मोजणी चुकली तर पाऊल वाकडे होते. बोटांपाशी येऊन मोजा बंद करताना शिवण उमटू नये म्हणून दाभणाने टाक्याला टाका जोडतात. इंग्रजीत या जोडणीला लॉर्ड किचनर यांचे नाव आहे. होय, १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले तेच किचनर. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या शिपायांच्या बोटांना शिवण बोचू नये म्हणून त्यांनी ती सुचविली, असे सांगतात. खरे-खोटे ते जाणोत. पण मधुमेहाने पाय बधिर झालेल्या आमच्या धर्मग्रामातल्या दोघा आजोबांना बिनशिवणीच्या मोज्याचे मोल कोणी समजावून द्यावे लागत नाही.

‘फादर, हे बायकांचे काम’, असे आम्हांला अधूनमधून ऐकावे लागते. युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस विणकऱ्यांचे संघ निघाले ते पुरुषांचे होते. फ्रान्सच्या नैऋत्येकडील लांद प्रदेशातले मेंढपाळ एकोणिसाव्या शतकातही उंच काठ्यांवर उभे राहून दलदलीतून मेंढरे वळीत आणि वर उभ्या उभ्या विणकाम करीत. मोजे विणण्याचे पहिले यंत्र १५८९ साली बनविणारे विल्यम ली हे तर पाळकच होते. नॉटिंगहॅमशायरमधील कॅल्व्हर्टन येथे ते सेवा करीत, असे परंपरा सांगते. ज्या तरुणीवर त्यांचे मन जडले होते तिचे लक्ष त्यांच्यापेक्षा आपल्या सुयांकडेच अधिक असे, म्हणून चिडून त्यांनी हे यंत्र शोधले, अशी आख्यायिका आहे. अँग्लिकन पाळकांना विवाहाची मुभा असते, हे वाचकांना सांगणे नलगे. आम्हांला मात्र त्या तरुणीचीच बाजू खरी वाटते. राणी एलिझाबेथने यंत्राला सनद नाकारली आणि ली यांना फ्रान्सला जावे लागले.

फ्रान्सचा विषय निघाला आहे तर संत फियाक्र यांना विसरता येणार नाही. सातव्या शतकात आयर्लंडहून फ्रान्सला गेलेले हे एकांतवासी संन्यासी. मो गावाजवळच्या रानात त्यांनी मठी बांधली, जमीन खणली, भाजीपाला आणि औषधी लावल्या आणि वाटसरूंना आश्रय दिला. पुढे ते बागायतदारांचे आश्रयदाते संत झाले. मोजे विणणाऱ्यांनीही त्यांना आपले मानले. आणि पॅरिसमध्ये सतराव्या शतकात भाड्याच्या घोडागाड्या ज्या वास्तूपाशी उभ्या राहत तिला या संताचे नाव असल्यामुळे त्या गाड्यांनाच ‘फियाक्र’ म्हणू लागले आणि गाडीवानही त्यांच्या पंखाखाली आले. बागायती, मोजे आणि भाड्याची गाडी! वाडीत वाढलेल्या, गाडीत बसून मोजे विणणाऱ्या वसईकराला याहून सोयीचा संत कोठे मिळावा? ऑगस्टच्या तिसाव्या तारखेला त्यांचा सण येतो. आम्ही त्या दिवशी मिस्सात त्यांचे स्मरण करतो. धर्मग्रामात अद्याप कोणी कारण विचारलेले नाही.

परंतु आमचे खरे समाधान एका चित्राने झाले. जर्मनीतील बुक्स्टेहुड येथील वेदीसाठी १४०० च्या सुमारास मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या कार्यशाळेत काढलेले हे चित्र आता हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. पवित्र मरिया घरात बसून विणते आहे. तिच्या हातांत चार सुया आहेत, आणि त्या गोल फिरवून ती एका सदऱ्याच्या गळ्याचे टाके विणते आहे. बाळ येशू जवळच गवतावर पुस्तक उघडून पहुडला आहे, शेजारी त्याचा भोवरा पडला आहे. इतक्यात दोन देवदूत येतात. एकाच्या हाती क्रूस, दुसऱ्याच्या हाती भाला. खिळे आणि काट्यांचा मुकुटही त्यांनी आणला आहे. बाळ मान वळवून त्यांच्याकडे पाहते. आईचे डोळे सुयांवर आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात क्रूसाखाली शिपायांनी ज्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या तो बिनशिवणीचा अंगरखा चित्रकाराच्या मनात होता. आईने लहानपणी विणलेला तो अंगरखा येशूबरोबर वाढत गेला, अशी जुनी लोककथा होती. शुभवर्तमानकाराने विणण्याविषयी जे लिहिले ते मागावरच्या विणण्याविषयी होते, हे आम्ही गुरुविद्यालयात शिकलो आहोत. पण चार सुयांवर गोल विणलेल्या कापडाला शिवण नसते, हे त्या चित्रकाराला नक्की माहीत होते. त्याने कोणा तरी बाईला घरात तसे विणताना पाहिले असणार.

आम्हांला विणणे शिकविले ते आमच्या ताईने.

ताई आमच्याहून बारा वर्षांनी मोठी. १९७८ साली ती मुंबईतल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि २०१४ साली निवृत्त होईपर्यंत वसई रोड ते चर्चगेट अशी जात-येत राहिली. आमचे वडील गेले तेव्हा आम्ही शाळेत होतो. घर ताईच्या पगारावर चालले, धाकट्या दोघी बहिणींची लग्ने झाली, आणि आम्ही गोरेगावच्या गुरुविद्यालयात गेलो. तिचे लग्न राहून गेले. ‘राहून गेले’ हा आमच्या घरातला शब्द. तिने स्वतः तो कधी वापरला नाही.

ती सकाळी आधी उलट विरारला जाई, तेथे खिडकी धरून बसे आणि मग त्याच गाडीने वसईवरून पुढे मुंबईला. जागा मिळाली की थैलीतून सुया निघत. त्या सुया दुकानातल्या नव्हत्या. वडिलांच्या सायकलच्या चाकाच्या तारा वीतभर लांबीच्या तोडून, दोन्ही टोके दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. मोज्यांना नेमकी तितकीच बारीक सुई लागते. बायकांच्या डब्यात तेव्हा भाजी निवडली जाई, वाटाणे सोलले जात, मुलांच्या वह्या तपासल्या जात. १९९२ साली पश्चिम रेल्वेने बोरिवलीपर्यंत खास महिलांची गाडी सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली, तेव्हा त्या डब्याची एक गाडीच झाली, असे ताई म्हणे. चार दिवसांत एक जोडी होई. सारी तान्ह्या मुलांसाठी, पांढऱ्या सुती दोऱ्याची. आमच्या धर्मग्रामात कित्येक वर्षे स्नानसंस्काराला येणाऱ्या बाळांच्या पायांत ताईचे मोजे असत. आम्ही धर्मगुरू झाल्यावर सुटीत घरी आलो आणि एखादा स्नानसंस्कार आमच्या हातून झाला, तर बाळाच्या कपाळावर पाणी ओतताना नजर पायांकडे जाईच.

निवृत्त झाल्यावर ताईने विणणे सोडले. आम्हांला आश्चर्य वाटले. आता वेळच वेळ, खुशाल अंगणात बसून विण, असे आम्ही म्हणालो. ती म्हणाली, ‘घरात हात चालत नाही रे बाबू. बसले की भांडी दिसतात.’ चारचौघांत ती आम्हांला ‘फादर’ म्हणे, घरात बाबू. तिच्या दिवसातले तेवढे दोन-अडीच तास असे होते की ज्यांवर आईचा, आमचा, शाळेचा, विहिरीचा, चुलीचा हक्क नव्हता. ते तिने गाडीत काढले आणि गाडीतच वाटून टाकले.

२०१७ साली तिला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, आणि मग परळच्या रुग्णालयात किरणोपचार ठरले. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, एकूण पंचवीस वेळा. आम्ही पहाटेची मिस्सा करून तिला घेऊन निघत असू. लोकलच्या दिव्यांगांसाठी राखीव डब्यात कर्करुग्णांना बसण्याची मुभा असते. छत्तीस वर्षे ज्या मार्गाने ती बायकांच्या डब्यातून गेली त्याच मार्गाने आता आमच्याबरोबर या डब्यातून जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी नायगाव गेल्यावर तिने थैली उघडली. आत वडिलांच्या सायकलच्या सुया होत्या.

यावेळी मोजा मोठ्या मापाचा होता. औषधांनी तिचे तळपाय बधिर झाले होते, गार पडत. जन्मात पहिल्यांदाच ती स्वतःसाठी विणीत होती, आणि रंगही तिने पांढरा घेतला नव्हता. राखाडी निळी लोकर होती, पावसाळ्यात अर्नाळ्याचा समुद्र दिसतो तशी. पहिला मोजा तिने दहा-बारा दिवसांत एकटीने संपविला. मग थकवा वाढला. दुसऱ्याची पट्टी झाल्यावर तिने सुया आमच्या हातांत दिल्या आणि ‘धर’ म्हणाली. आम्ही एकोणपन्नास वर्षांचे होतो. ग्रीक आणि लॅटिन शिकलो होतो; सुलट टाका शिकायला भाईंदरपासून कांदिवलीपर्यंत वेळ लागला. टाच तिने आम्हांला बोरिवली आणि दादरच्या दरम्यान तीन दिवसांत वळवायला लावली. सुईला तिने बोट लावले नाही. नुसती सांगत राहिली: फिर. एक घे. आता फिर.

त्या डब्यात पेन आणि कंगवे विकणारे एक अंध गृहस्थ रोज भेटत. आम्ही काय करतो हे कोणीतरी त्यांना सांगितले. त्यांनी दोन्ही मोजे हातात मागून घेतले, अंगठ्याने वरपासून खालपर्यंत चाचपले आणि आमचा मोजा वर धरून म्हणाले, ‘फादर, इथपर्यंत ताईंचा हात. इथून तुमचा.’ ताईचा टाका सैल, आमचा आवळ. ताई इतकी हसली की तिला खोकला आला.

एका बंधु-धर्मगुरूंनी त्या दिवसांत आम्हांला प्रेमाने सुचविले की, प्रवासाचा वेळ तासिका प्रार्थनेला द्यावा. तो आम्ही देतोच. पण वाळवंटातल्या पहिल्या मठवासीयांना हा प्रश्न आमच्या आधी पडला होता. संत अंतोन एकदा कंटाळून गेले असता त्यांना त्यांच्याचसारखा एक माणूस दिसला. तो बसून ताडाच्या पातीची दोरी वळी, उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोरी वळी. तो देवदूत होता, अशी कथा आहे. इजिप्तच्याच भूमीत, जेथे शुभवर्तमानांचे अतिप्राचीन कागद कचऱ्याच्या ढिगांत सापडले त्या ऑक्सिरिंकस गावी, लाल लोकरीचे मोजेही सापडले आहेत. इ.स. २५० ते ४२० च्या दरम्यानचे, एकाच सुईने गाठवून केलेले, चपलेचा पट्टा बसावा म्हणून अंगठा वेगळा ठेवलेले. आता ते लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. आणि मोजणीचेच म्हणाल, तर जपमाळेचे मणी एकोणसाठ, आमच्या मोज्याचे टाके साठ. एक टाका जास्त होतो, तो प्रवासाचा.

ताई २०१९ च्या फेब्रुवारीत गेली. त्या हिवाळ्यात तिने ते मोजे रोज घातले होते. आपल्याकडे मृताला नीट पोशाख करून, हातांत जपमाळ देऊन पेटीत ठेवतात, पायांत पांढरे मोजे घालतात. पेटीबरोबर आलेले नायलॉनचे नवे मोजे पाकिटात होते. आमच्या भाचीने कपाटातून राखाडी निळी जोडी आणली. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंना ते बरे वाटले नाही. पेटीत पांढरेच घालतात, वापरलेले घालू नयेत, असे त्या म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता; ताईची शोभा राहावी एवढेच त्यांना वाटत होते. सारे आमच्याकडे पाहू लागले. आम्ही म्हणालो की, हेच असू द्या. भाचीने डाव्या पायात ताईचा घातला, उजव्यात आमचा. मग मिस्साची तयारी करायची म्हणून आम्ही पुढे मंदिरात गेलो.

सुया आमच्याकडे आल्या. लोकलमध्ये त्याच वापरतो. विमानाने जायचे असले तर बांबूच्या घेतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर कित्येक विमानतळांवर विणायच्या सुयांना मज्जाव झाला होता. पुढे अमेरिकेत तर मुभा मिळाली, पण वडिलांच्या सायकलची तार कोणा पहारेकऱ्याच्या पेटीत जाऊन पडावी, एवढा धोका आम्ही पत्करीत नाही. बाळांचे पांढरे मोजे आता आम्ही विणतो. कॅनडात गेलेल्या कुटुंबांतून मागणी येते. तेथे थंडीला लोकरीचेच लागतात.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही काही धर्मगुरू हिमाचलला गेलो होतो. इतरांना रोहतांगचा बर्फ पाहायचा होता, आम्हांला लाहौलमधील केलाँग. त्याला कारण होते. मोराव्हियन पंथाचे आउगुस्ट हायडे आणि एडुअर्ड पागेल हे दोघे जर्मन मिशनरी मंगोलियाला जाण्यासाठी १८५३ मध्ये निघाले. तिबेटची वाट बंद होती, म्हणून ते केलाँगला थांबले. १८५९ मध्ये हायडे यांच्याशी लग्न करण्यासाठी मारिया हार्टमान तेथे आल्या. सुरिनाममध्ये मिशनरी घरात जन्मलेल्या या बाईंनी दहा हजार फुटांवरच्या, हिवाळ्यात जगापासून तुटणाऱ्या त्या खोऱ्यात स्त्रियांना मोजे विणायला शिकविले, विणकामाची शाळा चालविली. पती-पत्नी १८९८ पर्यंत तेथे राहिली. जवळजवळ चाळीस वर्षांत ख्रिस्ती झालेल्यांची संख्या फार लहान राहिली; मिशनचा अहवाल लिहिणाऱ्याला ती लिहिताना जड गेली असेल. मोजे मात्र खोरेभर पसरले. रंगीत नक्षीचे लाहौली मोजे आज सरकारच्या भौगोलिक निर्देशनाच्या यादीत आहेत. आमच्या धर्मग्रामाचा वार्षिक अहवाल भरताना आम्हांला हायडेबाईंची आठवण होते. त्या अर्जात मोज्यांसाठी रकाना नसतो.

मनालीहून बस निघाली आणि २०२० साली सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यात शिरली. दिव्यांच्या त्या उजेडात पाहिले तर शेजारच्या बाई विणीत होत्या. सुयांकडे त्यांची नजरही नव्हती. बोगद्यापलीकडे चंद्रा नदी दिसू लागली तशी आम्हीही आमची थैली उघडली. त्यांनी थोडा वेळ पाहिले, मग हात पुढे केला. आमचा मोजा घेऊन त्यांनी तो आधी उलटा केला, आतून पाहिला, टाचेवर नख फिरविले आणि परत सुलटा करून दिला. ‘दूसरा?’ त्यांनी विचारले. आम्ही थैलीतून लोकरीचा न सोडलेला गुंडा काढून दाखविला. त्या हसल्या आणि आपल्या सुयांकडे वळल्या. केलाँगला पोचायला अजून तासभर होता.